अनुदानाच्या नांगरासोबत एक पुडी द्या

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी ट्रॅक्टर मिस्त्री. सोलापूर जिल्ह्यात रस्त्याकडेला माझं गॅरेज आहे. ऊस तुटून गेला की नांगरटी सुरू होतात आणि माझ्या दारात पलटी नांगर येऊन उभे राहतात. मोडलेले नसतात. पलटत नसतात.

गेल्या हंगामातला एक सांगतो. अनुदानातून घेतलेला, फाळाचा रंगही पुरता उडाला नव्हता. तेलाच्या दाबाने नांगर पलटवणाऱ्या सिलिंडरला होज पाइप जोडतो तिथून तेल गळायचं, म्हणून गावातच कुणीतरी निपल, म्हणजे जोडणीचा आटेवाला तुकडा, खोलून पांढरी टेप गुंडाळली. तरी गळालं. मग आणखी टेप, मग पान्याला पाइप अडकवून जोर. शेवटी नांगर अर्ध्यातच अडकला. मी व्हॉल्व्ह खोलला, तर आत सरकणाऱ्या दांडीच्या, म्हणजे स्पूलच्या, खाचेत टेपेची लोळी. चिमट्याने ओढली, बोटभर लांब निघाली.

टेप लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. घरच्या नळाला चालते, मग इथे का नाही? नळाच्या पाइपाचे आटे निमुळते असतात, आवळाल तसे रुतत जातात आणि उरलीसुरली फट टेप बुजवते. या सिलिंडरचे आटे सरळ होते. सरळ आटे नुसते धरून ठेवतात. तेल अडवायचं काम तोंडाशी बसणाऱ्या वायसरचं. आम्ही त्याला डावटी म्हणतो. बाहेरून लोखंडी कडी, आतून रबर. चहा-वड्याच्या पैशात येतो. नेमका तोच नव्हता.

दुसरा घोळ आट्यांच्या जातींचा. बीएसपी ही ब्रिटिश जात, एनपीटी अमेरिकन. अर्ध्या इंची बीएसपी निपलला इंचात 14 आटे, अर्ध्या इंची एनपीटीलाही 14. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. एक दुसऱ्यात दोन-चार फेरे सुखाने चढतं, मग गच्च होतं, आणि माणसाला वाटतं, बसलं. नांगर उचलला की तेल वाट काढतंच. पाव इंची निपलला इंचात 19 आणि 18 आटे, तिथे निदान हाताला संशय येतो.

बरं, प्रश्न नुसत्या तेलाच्या नासाडीचा नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरचं आणि हायड्रॉलिकचं, म्हणजे अवजार उचलायचं-पलटवायचं, तेल एकच, त्यामुळे इकडे गळालं की तिकडे कमी पडतं. त्याहून वाईट म्हणजे दाब. दीडशे-दोनशे बारच्या दाबाने सुईएवढ्या भोकातून सुटलेली धार कातडी फोडून आत शिरते. वर नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. खरं तर तिथून तडक दवाखाना गाठायला हवा. ही ऑपरेशनची जखम आहे. गळती शोधायला मी पुठ्ठा फिरवतो. शिकाऊ पोराने बोट फिरवलं तर तो माझ्या शिव्या खातो.

मागणी मोठी नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून अनुदान घेऊन जे हायड्रॉलिक अवजार शेतात उतरतं, त्याच्यासोबत विक्रेत्याने एक पुडी आणि मराठीत एक कागद द्यावा. पुडीत त्या अवजाराला लागणारे जादा वायसर आणि ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल कड्या. कागदावर आटे कोणत्या जातीचे, माप काय, कुठे टेप चालत नाही आणि गळतीला हात का लावायचा नाही, एवढंच. मोका तपासणीला साहेब येतात, नांगराचा फोटो काढतात. त्याच फोटोत पुडीही दिसू द्या. पुडी नसेल तर बिल अडवा, पुढच्या गाडीपासून आपोआप येईल.

आयटीआयचं खातं आपलं नाही, ठाऊक आहे. पण तिथून ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आलेली पोरं माझ्याकडेही आली आहेत. आटे मोजायचा गेज त्यांनी पहिल्यांदा माझ्याच टेबलावर पाहिला. त्या खात्याच्या मंत्र्यांच्या कानावर घातलंत तर बरं होईल.

पुडीत काय काय असावं ते मी फुकट लिहून देईन. टेपेची ती लोळी बाटलीत घालून ठेवली आहे. आपले अधिकारी इकडे आले तर दाखवीन.

आपला विश्वासू,
एक ट्रॅक्टर मिस्त्री, जि. सोलापूर