चौदा नंबरच्या काकूंना, पंधरा नंबरकडून

काकू, हे पत्र शेडमधल्या बोर्डावर सगळ्यांना दिसेल असं लावतोय, कारण समोरासमोर काही बोलायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि झारी उचलून नळाकडे चालायला लागता, हे मी उन्हाळाभर बघितलंय. म्हणून लिहूनच. वाचून झाल्यावर कंपोस्टमध्ये टाकलंत तरी चालेल, साधा कागद चालतो हे तुम्हीच सांगितलंय.

मला या सामायिक बागेत प्लॉट मिळाला तेव्हा माझी अक्कल किती होती हे तुम्हाला माहितीये, बाकीच्यांसाठी सांगतो. दहा बाय दहा फुटांचा तुकडा, आणि मी बियाण्यांची अकरा पाकिटं घेऊन आलेलो. टोमॅटो, काकडी, भोपळा, भेंडी, घेवडा, गाजर, कोथिंबीर, बाकीची आता आठवत पण नाहीत. तुम्ही कुंपणापलीकडून पाकिटांकडे बघितलंत, मग माझ्या वाफ्याकडे, आणि फक्त एवढंच विचारलंत, "भोपळ्याचा वेल केवढा पसरतो माहितीये का रे?" मला माहिती नव्हतं. जुलैपर्यंत तो तुमच्या वाफ्यात शिरून पुढे सोळा नंबरच्या आजोबांच्या बाकापर्यंत गेला होता, तेव्हा कळलं.

पहिला महिना मी रोज संध्याकाळी येऊन पाच मिनिटं सगळीकडे पाणी शिंपडून जायचो आणि घरी जाऊन खुश असायचो, की बघा, एक दिवस चुकवला नाही. रोपं मात्र दुपार झाली की माना टाकायची. मी म्हटलं पाणी कमी पडतंय, मग दोनदा शिंपडायला लागलो. तुम्ही एकदा येऊन म्हणालात, बोट घाल मातीत. घातलं. वरचा अर्धा इंच चिखल आणि खाली कोरडी ठणठणीत. "मुळं पाणी असेल तिथेच जाणार ना, वर पाणी तर मुळं वर, आणि वर ऊन." झालं, एवढंच बोलून तुम्ही गेलात. त्या दिवसापासून दोन-तीन दिवसांतून एकदाच, सकाळी, पण बुडाशी आणि भरपूर पाणी द्यायला लागलो, आणि बोट दोन पेरं आत घातल्याशिवाय पाईपला हात लावत नाही. माझ्या नखात अजून माती आहे, ऑफिसमध्ये लोक बघतात.

मला आता लक्षात येतंय की तुम्ही एकदाही माझ्या हातातलं खुरपं घेतलं नाहीत. एकदाही. बाकी सगळ्यांनी घेतलं बरं का, प्रेमानेच, "दे इकडे, असं नाही, असं" म्हणत माझी अर्धी रोपं त्यांनीच लावली, आणि ती नीट आलीसुद्धा, पण ती कशी लावली ते मला आजही सांगता येणार नाही. टोमॅटोचं रोप मात्र मी झोपेतही लावेन. खालची पानं काढायची आणि खोड निम्म्याहून जास्त मातीत गाडायचं, कारण गाडलेल्या खोडाला पण मुळं फुटतात. तुम्ही शेजारी उभ्या राहून स्वतःचं लावत होता आणि मी बघून माझं लावत होतो, पहिलं वाकडं, दुसरं मोडलं, तिसरं जमलं. मोडलं तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, तुमच्या ट्रेमधलं एक रोप माझ्या बाजूला सरकवलंत फक्त.

गाजराचं सांगू का? सांगतोच. मी गाजरं आधी ट्रेमध्ये पेरली आणि मग रोपं उचलून वाफ्यात लावली, म्हणजे टोमॅटोसारखीच, मला काय माहिती. तुम्ही बघितलंत, तोंड उघडलंत आणि परत मिटलंत. दोन-अडीच महिन्यांनी जे निघालं त्याला दोन पाय, एकाला तर तीन, एक चक्क बसल्यासारखं दिसत होतं. तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की बाकावर टेकावं लागलं, आणि मग सांगितलंत की गाजर जिथे पेरायचं तिथेच पेरायचं, सोटमूळ एकदा दुखावलं की ते फाटे फोडतं. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही. आता मात्र कधीच विसरणार नाही.

आणि काकडी! पंधरा दिवस नुसती पिवळी फुलं यायची आणि गळून पडायची आणि मी कुठेतरी वाचलेलं एकेक खत आणून ओतत होतो. तुम्ही दोन फुलं शेजारी शेजारी धरून दाखवलीत, एकाच्या मागे सरळ देठ, दुसऱ्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी. नर आधी येतात, मादी मागून, त्यात घाबरायचं काय. (खरं तर मी त्या आधीच्या फुलांसाठी एवढा दुःखी झालो होतो की हे ऐकून जरा ओशाळलोच.) भोपळ्याला तर मादी फुलं आली तरी फळ धरेना, कारण तो आठवडा सगळा पावसाळी होता आणि मधमाश्या दिसतच नव्हत्या, तर तुम्ही मला सकाळी सातला बोलावलंत. फूल दुपारपर्यंत मिटतं म्हणून. नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, आतला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचा. मी तीन फुलांना केलं, दोन भोपळे धरले. त्या दोन भोपळ्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये इतके आहेत की घरचे आता बघायला नाही म्हणतात.

आता जरा माफीचं. एके दिवशी मी तुम्हाला हाक मारून अभिमानाने दाखवलं की बघा, घेवड्यावरच्या बारा अळ्या चिरडल्या, काळ्या, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके, छोट्या मगरीसारख्या, एकदम खतरनाक दिसत होत्या. तुम्ही खूप वेळ गप्प. मग मला तुमच्या घेवड्याकडे नेलंत, एक पान उलटं केलंत, मागे मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, चिकटलेला आणि त्यात तशीच एक मगर शांतपणे एकेक करून मावा खात होती. लेडीबगची पिल्लं होती ती. लाल गोल ठिपक्यावाला किडा मला माहिती होता, लहानपणी हातावर चालवलेला, पण लहानपणी तो असा दिसतो हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. एकेक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते म्हणालात. म्हणजे बारा गुणिले शेकडो, तो सगळा मावा मी जपला आणि पुढच्या आठवड्यात तो माझ्याकडून तुमच्याकडे आला. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून टाकलात आणि मला म्हणालात की काही मारायच्या आधी पाच मिनिटं बघत बस, तो काय खातोय ते. मी आता बसतो. पाच मिनिटांची वीस होतात, घरी उशीर होतो, ते वेगळं.

कोथिंबिरीचं पण तसंच. ऊन वाढलं आणि ती सरळ वर गेली, पानं बडीशेपेसारखी बारीक झाली आणि फुलं यायला लागली, मी उपटायला वाकलो तर तुम्ही म्हणालात राहू दे. त्या पांढऱ्या फुलांवर इतक्या बारीक माश्या आणि किडे यायला लागले की शेजारचा सगळा वाफाच गजबजला, आणि शेवटी धणे मिळाले ते वेगळेच. फसलेलं पीक पण पीक असतं हे मला पटायला वेळ लागला, कारण मी ते आधीच "फेल" म्हणून वहीत लिहून टाकलं होतं.

टोमॅटोंची बुडं काळी पडायला लागली तेव्हा मात्र मी रडकुंडीला आलो होतो. पहिली सहा फळं, लाल व्हायच्या आत खालून काळी आणि चामड्यासारखी. मी वाचलं की कॅल्शियम कमी, लगेच अंड्यांची टरफलं कुटून घातली, तुम्ही म्हणालात ती कुजायला कितीतरी महिने लागतील, तोपर्यंत टोमॅटो थांबणार आहे का. कॅल्शियम मातीत बहुतेक असतंच, ते फळापर्यंत पाण्याबरोबर जातं, आणि माझं पाणी कधी पूर तर कधी दुष्काळ. मग तुम्ही वाळलेलं गवत आणि पाला दाखवलात, तीन इंच जाड थर बुडाशी अंथरायचा, खोडाला चिकटवायचा नाही, म्हणजे माती एकसारखी ओली राहते. अंथरलं. पुढची फळं स्वच्छ आली, आणि मी आच्छादनाचा असा काही भक्त झालो की विचारू नका.

आणि इथेच खरी गोष्ट आहे, ज्यासाठी हे पत्र.

ऑगस्टमध्ये मला अचानक आठ दिवस जावं लागलं. कुणाला सांगायला वेळ नव्हता, तुम्हाला पण नाही. त्या आठवड्यात पारा 35 च्या वर होता, टोमॅटोची फुलं गळायला लागली होती, मी तिकडे बसून मनातल्या मनात सगळा वाफा जळालेला बघत होतो. परत आलो तर सगळं हिरवंगार! माती दोन पेरं आतपर्यंत ओली. भेंडी तर अशी की जणू कालच तोडलीय, एक पण जून नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, हे बघा आच्छादन, आठ दिवस पाणी नाही आणि बघा! सोळा नंबरच्या आजोबांना सांगितलं, शेडमध्ये नव्या लोकांना उभं करून लेक्चर दिलं, तुम्हाला तर तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हो का, छान."

गेल्या रविवारी आजोबांनी सांगितलं. तुम्ही रोज सकाळी तुमचं झालं की पाईप कुंपणावरून माझ्या बाजूला टाकायचात. भेंडी एक दिवसाआड तोडायचात, कारण झाडावर जून झाली की नवी यायची कमी होते, आणि तोडलेली गेटच्या खिळ्याला पिशवीत अडकवून ठेवायचात, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. आजोबांनीही दोनदा नेली म्हणे, आणि वर माझं आच्छादनाचं लेक्चर पण ऐकून घेतलं.

काकू, मला भेंडीकडे बघूनच कळायला हवं होतं. आच्छादन भेंडी तोडत नाही.

मी त्या दिवसापासून कसं सांगायचं याचाच विचार करतोय आणि दोनदा कुंपणाजवळ येऊन परत गेलो. तुम्ही गुपचूप पाणी घातलंत यापेक्षा जास्त मला हे लागलंय की मी फुशारक्या मारत होतो तेव्हा तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत. गाजराच्या वेळी जसं तोंड मिटलंत तसंच. फरक एवढाच की गाजराचं तुम्ही नंतर सांगितलंत, हे कधीच सांगणार नव्हता.

घेवडा मी काल काढला, उपटला नाही, जमिनीलगत कापला, मुळं आत ठेवली. एक रोप मात्र उकरून बघितलं, मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या तर आतून फिकट गुलाबी, तुम्ही म्हणाला होता तशाच. हवेतला नायट्रोजन धरतात म्हणून मी लगेच हिशोब करायला लागलो होतो की पुढच्या वर्षी खताचा खर्च वाचला, आणि तुम्ही म्हणाला होता, "जास्त उड्या मारू नको, बराचसा शेंगांनीच खाल्लेला असतो, उरलं तर थोडं मातीला." तेही लक्षात आहे. शेवटच्या शेंगा वेलावरच वाळू दिल्यात, बी निघालं की त्यातलं अर्धं पाकीट तुमच्या कुंपणाच्या तारेला अडकवतो.

आणि एक. तुम्ही पुढच्या आठवड्यापासून सहा-सात दिवस नसणार आहात असं शेडमध्ये ऐकलं, तुम्ही सांगितलं नाहीत हे आलंच. तर पाण्याचं मी बघतो, सकाळी, बुडाशी, बोट घालून. तुमची भेंडी एक दिवसाआड तोडून पिशवी खिळ्याला लावतो. अळी दिसली तर आधी पाच मिनिटं बघेन. आणि परत आल्यावर सगळं हिरवं दिसलं तर तुम्ही सगळ्यांना सांगा आच्छादनाची कमाल म्हणून, मी "हो का, छान" म्हणेन.

तुमचा,
पंधरा नंबर