अपक्ष उमेदवाराला प्रचाराचे दिवस वाढवून द्यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधानसभेला सामान्य माणसाने उभे राहायचे म्हटले की त्याच्याकडे पैसा कुठून येणार, या एका प्रश्नापाशीच आपल्याकडची चर्चा थांबते. तो प्रश्न खरा आहेच. परंतु 2024 च्या निवडणुकीत आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक अपक्ष उभे राहिले, त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली आणि पुढचा महिनाभर त्यांच्यासोबत फिरलो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, पक्षाचे पाठबळ नसलेल्या उमेदवाराला पैशाइतकीच चणचण दिवसांची भासते, आणि ही चणचण कायद्यानेच निर्माण केलेली आहे.

खुल्या प्रवर्गासाठी असलेली 10 हजार रुपयांची अनामत रक्कम गुरुजींनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरली. खरी धावपळ झाली ती सूचकांसाठी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते सर्व त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. कोल्हापूर शहर उत्तर आणि दक्षिण अशा दोन मतदारसंघांत विभागले गेले आहे. ज्यांच्याकडे आमची रोजची ऊठबस, अशा दोघांची नावे पलीकडच्या मतदारसंघाच्या यादीत निघाली आणि ऐनवेळी दुसरी माणसे शोधावी लागली. दहाव्या सूचक झाल्या त्या फुले विकणाऱ्या एक आजी. त्यांना सही करता येत नाही, आणि अंगठा उठवायचा तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. वसुबारसेचा दिवस होता. झेंडूची पाटी नातीच्या ताब्यात देऊन आजी आमच्याबरोबर आल्या. अर्ज घेण्याची वेळ सकाळी 11 ते दुपारी 3. आमचा नंबर लागला तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंगठ्याची शाई त्यांनी पदरालाच पुसली आणि विचारले, "झालं न्हवं गुरुजींचं काम?"

दहा सूचकांच्या अटीला माझा विरोध नाही. 1996 साली तमिळनाडूतील मोडाकुरिची मतदारसंघात 1033 उमेदवार उभे राहिले होते, आणि त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन ही अट आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांतून दहा जणांचा विश्वास ज्याला मिळवता येत नाही, त्याने उभे राहू नये हे रास्तच आहे. मात्र त्याच दुरुस्तीने अर्ज माघारीचा शेवटचा दिवस आणि मतदान यांमधील किमान अंतर 20 दिवसांवरून 14 दिवसांवर आणले, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

हे सहा दिवस कोणाचे गेले? मोठ्या पक्षांची चिन्हे मतदारांना तोंडपाठ असतात; अर्ज भरण्याच्या आधीपासून ती भिंतींवर असतात. अपक्षाला मात्र मुक्त चिन्हांपैकी तीन चिन्हे पसंतीक्रमाने लिहून द्यावी लागतात आणि त्यांतले कोणते पदरात पडले हे माघारीची मुदत संपल्यानंतरच कळते. गेल्या वेळी ही मुदत 4 नोव्हेंबरला दुपारी 3 वाजता संपली आणि 18 नोव्हेंबरला सायंकाळी जाहीर प्रचार थांबला. या चौदा दिवसांतले तीन दिवस पत्रके छापून हातात पडण्यातच गेले, कारण चिन्हाशिवाय पत्रक छापून उपयोग नव्हता आणि छापखान्यात आमच्या आधी मोठ्या उमेदवारांची कामे लागलेली होती. उरलेल्या अकरा दिवसांत चार-पाच माणसांनी किती उंबरे चढायचे?

त्यात मतदार यादीची गोष्ट मला सर्वांत खटकली. मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना ही यादी मोफत द्यावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. अपक्षाने ती विकत घ्यायची. ज्या पक्षांकडे केंद्रागणिक कार्यकर्ते आणि गल्लीगल्लीची माहिती आधीच तयार असते, त्यांना यादी फुकट आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याला पैसे, हा भेद कोणत्या न्यायाने ठेवला आहे हे मला आजवर समजलेले नाही.

आपल्या जिल्ह्यात अपक्ष निवडून येत नाहीत असे नाही. 2019 मध्ये इचलकरंजीतून प्रकाश आवाडे आणि शिरोळमधून राजेंद्र पाटील-यड्रावकर, तर 2024 मध्ये चंदगडमधून शिवाजी पाटील अपक्ष म्हणूनच निवडून आले. परंतु या तिघांचीही नावे मतदारांना आधीपासून चांगली परिचयाची होती. मी बोलतो आहे तो प्रथमच उभ्या राहणाऱ्या, नाव ठाऊक नसलेल्या माणसाबद्दल.

गुरुजींची अनामत जप्त झाली. वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळणे त्यांच्या आवाक्याबाहेरच होते आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. खर्चाचा हिशेब त्यांनी निकालानंतरच्या 30 दिवसांच्या मुदतीत सादर केला. त्यांना सल मात्र एकाच गोष्टीची आहे: मतदानानंतरही कित्येकांनी त्यांना रस्त्यात थांबवून विचारले, "गुरुजी, तुम्ही उभा होता होय?"

याच निवडणुकीत करवीर मतदारसंघात राज्यातील सर्वाधिक, जवळपास 85 टक्के मतदान झाले. इतक्या निष्ठेने मतदान करणाऱ्या या जिल्ह्यातील मतदाराला यंत्रावरची सर्व नावे निदान एकदा तरी ऐकायला मिळाली पाहिजेत. त्यासाठी माघार आणि मतदान यांमधील किमान अंतर पूर्ववत 20 दिवसांचे करावे, आणि ज्याचा अर्ज छाननीत वैध ठरेल त्या प्रत्येक उमेदवाराला मतदार यादी मोफत द्यावी, यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत दुरुस्ती सुचवावी, अशी माझी आपल्या दैनिकाद्वारे कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक सूचक, कोल्हापूर