टॉर्क पाना आणि गोटी सदोष निघाल्याबाबत तक्रार

दि. 26 मे 2025

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : टूलकिटची रक्कम व इंजिन दुरुस्तीचा खर्च परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीचं 2,850 रुपयांचं टूलकिट मी एप्रिलमध्ये कोल्हापुरात घेतलं. खोक्यावर ‘दुचाकी, पंप व बोट इंजिनाच्या अधूनमधून देखभालीसाठी’ असं छापलंय, ते वाचूनच घेतलं.

मी शिरोळ तालुक्यात नदीकाठी राहतो. 2019 च्या महापुरानंतर आमच्या मंडळानं वर्गणी काढून बोट आणि 25 अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं, इंजिन घेतलं. 2021 च्या पुरात त्याच बोटीतून म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया बाहेर काढल्या. दरवर्षी मे महिन्यात स्पार्क प्लग, गिअर ऑइल आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) मी स्वतः बदलतो. पुराचं पाणी गाळाचं असतं. त्यानं इम्पेलरची रबरी पाती झिजतात, पाणी वर चढत नाही आणि इंजिन तापतं. म्हणून हे काम टाळता येत नाही.

यंदा नवा प्लग बसवताना पुस्तिकेप्रमाणे किटमधला टॉर्क पाना 25 न्यूटन-मीटरवर (आवळण्याच्या जोराचं माप) लावला. तेवढा जोर लागला की हा पाना खटका वाजवतो. खटका वाजला की थांबायचं, इतकंच माझं काम. खटका वाजलाच नाही. आवळता आवळता प्लग एकदम सैल फिरला, तेव्हा कळलं की इंजिनाच्या हेडमधले, प्लग ज्यात बसतो ते आटे गेले. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. जास्त जोर लागला की आधी हेडच मरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घेतलं, 1,400 रुपये गेले. तिथंच पाना तपासून घेतला. 25 वर लावून तीनदा पाहिलं, तर खटका 38, 44 आणि 36 वर वाजला. आपल्या खोक्यावर अचूकता ±4 टक्के लिहिली आहे, म्हणजे 24 ते 26 च्या आत. शिवाय गिअरकेस (इंजिनाचा खालचा गिअरचा डबा) खोलताना किटमधली 12 कोनी गोटी, म्हणजे बोल्टवर बसणारा सॉकेट, उभी चिरली आणि बोल्टची मुंडी गोल झाली.

आपल्या प्रतिनिधीनं उत्तर पाठवलं : ‘समुद्री गंजामुळे बोल्ट जाम असणार, हे किट हलक्या घरगुती वापरासाठी असून वॉरंटी लागू नाही.’ आमच्या बोटीनं समुद्र पाहिलेला नाही. ती कृष्णा-पंचगंगेच्या गोड्या पाण्यात चालते आणि बोल्टना दरवर्षी ग्रीस लावतो. राहिला हलका वापर. वर्षातून एकदा आवळला म्हणून प्लगला कमी जोर पुरतो का? रोज काम करणाऱ्या मेकॅनिकच्या हाताला तरी अंदाज असतो. माझ्यासारख्याची सगळी भिस्त त्या खटक्यावरच असते.

स्वस्त हत्यारं वाईट, असं मी म्हणत नाही. याच किटमधले स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ॲलन की उत्तम निघाले आणि वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या कामाला महागडा संच घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण मोजायचं हत्यार खोटं मोजत असेल, तर ते किटमध्ये घालूच नका. साधा प्लग पाना दिला असता तर मी हातानं बेतानं आवळलं असतं आणि हेड वाचलं असतं.

माझी मागणी अशी की किटचे 2,850 आणि दुरुस्तीचे 1,400, असे 4,250 रुपये 15 दिवसांत परत करावेत. त्याच बॅचचे पाने तपासून सदोष असतील ते बाजारातून मागे घ्यावेत आणि खोक्यावरचा ‘बोट इंजिन’ हा उल्लेख तोपर्यंत काढावा. बिल, फुटलेल्या गोटीचे फोटो आणि तपासणीचा कागद सोबत जोडला आहे. उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पाऊस तोंडावर आहे. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठते, त्याच्या आत आमचं इंजिन पाण्यात उतरलेलं असावं लागतं. अशीच बोट सांभाळणारं दुसरं कुणी आज त्याच पान्यानं प्लग आवळत असेल, म्हणून बॅचची तपासणी पैशांच्या आधी करावी, ही विनंती.

कळावे,
आपला ग्राहक
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर