त्या सोळा वर्षांच्या मुलीविषयी, लेकीस

वाळवा, जि. सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. फोनवर बोलता आले असते, पण जे सांगायचे आहे ते सलग सांगावे असे वाटल्याने लिहायला बसले आहे. अभ्यासक्रमाच्या क्षेत्रकार्यासाठी तू जातेस त्या रुग्णालयात पोटदुखीची तक्रार घेऊन आलेली सोळा वर्षांची मुलगी सहा महिन्यांची गरोदर निघते, घरचे तिला तिथेच सोडून जातात आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते, हे वाचून मन फार अस्वस्थ झाले. तिचे नाव-गाव तू मलाही कळवले नाहीस, ते योग्यच केलेस. "तिच्याशी मी नेमके काय बोलू?" असे तू विचारले आहेस. मला वाटते, निदान पहिले काही दिवस तू तिला काहीही विचारू नयेस. असे मी का म्हणते, ते कळण्यासाठी तुझ्या जन्माआधीचे काही तुला सांगायला हवे.

तुझे वडील तू जन्मण्यापूर्वी अपघातात गेले आणि आक्कांनी आपल्याला घरात घेतले, एवढे तुला ठाऊक आहे. माझे लग्न चौदाव्या वर्षी झाले, कारण ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, उचल म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम जोडीवर मिळते आणि एकट्या माणसाचा अर्धाच कोयता धरला जातो. शारदा कायदा १९२९ पासून अस्तित्वात होता, पण बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर तो कोणी ऐकलाही नव्हता. दसऱ्यानंतर आम्ही या भागात यायचो, फडाशेजारी पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, घालायचो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, राहायचो. त्या हंगामात मला सातवा महिना लागत असताना रात्रीच्या भरणीनंतर ट्रॉली उलटली आणि तुझे वडील तिच्याखाली सापडले. ओळखीचे एकही घर नसलेल्या गावच्या नदीकाठी त्यांना अग्नी दिला.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल मला आता कोणाशीही भांडायचे नाही. फड संपला, टोळीला दुसऱ्या गावी जायचे होते. मी मोळी उचलू शकत नव्हते आणि अंगावरची उचल फिटलेली नव्हती. सासरच्यांनी "आठवड्याने न्यायला येतो" असे सांगितले आणि ट्रॅक्टर निघून गेला. मी सोळा वर्षांची होते.

आक्का जनावरांना वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, न्यायला फडावर येत असत. रिकाम्या झालेल्या कोप्यांच्या जागी एकच कोपी उरलेली पाहून त्या आत डोकावल्या. त्यांनी माझे नाव विचारले नाही, जात विचारली नाही, नवरा कुठे आहे हेही विचारले नाही. "ऊठ, ऊन हाय तंवर घरला जाऊ," एवढेच म्हणाल्या आणि माझे गाठोडे आपल्या वाढ्याच्या भाऱ्यावर ठेवून चालू लागल्या. घरी आल्यावर त्यांनी चुलीवर पाणी तापवले, मला न्हाणीत बसवले आणि पाचटाने कापलेल्या माझ्या हातांना स्वतः खोबरेल चोळले. मी काही सांगू लागले की म्हणायच्या, "आधी जेव, मग बोल." जेवण झाले तरी त्यांनी विषय काढला नाही. शेजारणी चौकशीला आल्या, तेव्हा त्या "आमची पाव्हणी हाय" एवढे सांगून गप्प बसल्या. माझी सगळी हकीकत मी त्यांना सांगितली ती पुष्कळ दिवसांनी, एका दुपारी शेंगा फोडताना, आणि तीही मला सांगावीशी वाटली म्हणून.

बाळ, तुमच्या अभ्यासक्रमात मुलाखतीचे नमुने असतील, तक्ते भरायचे असतील, आणि पोलिसांना व बालकल्याण समितीला माहिती लागते हेही मला कळते. पण ज्या मुलीला आजवर प्रत्येक प्रश्न आरोपासारखाच विचारला गेला आहे, तिला तुझा मायेचा प्रश्नही तसाच ऐकू येईल. तिच्या खाटेजवळ जाऊन बस. केस विंचरून हवेत का, एवढे विचार. ती नाही म्हणाली तर उद्या पुन्हा विचार.

शेंगांचे मी वर ओघात लिहिले, पण ती गोष्ट माझ्या लेखी फार मोठी आहे. पेरणीच्या बियाण्यासाठी शेंगा फोडायला त्या काळी गल्लीतल्या बायका जमत आणि वजनावर मजुरी मिळे. आक्कांनी मला त्यांच्यात बसवले. माझी मजुरी त्यांनी कधी घरखर्चात धरली नाही. शनिवारी ती माझ्या हातावर ठेवत आणि फडताळातला एक डबा माझा म्हणून नेमून दिलेला होता, त्यात मी ती टाकत असे. फुकटच्या भाकरीने पोट भरले असते, पण मान वर झाली नसती. उपकाराखाली दबलेले माणूस लवकरच पळून जायची वाट शोधू लागते, हे मी पुढे नोकरीत अनेक मुलींच्या बाबतीत पाहिले. त्या मुलीला झेपेल असे, बसून करता येण्यासारखे काही काम मिळेल का, ते पाहा. सेवा म्हणून नव्हे, मोबदल्याचे काम.

आणि मावशी, आक्कांची लेक. माझ्या बरोबरीची ती, दहावीत होती. भारनियमनामुळे रात्री दिवे जात, तेव्हा ती कंदिलाजवळ पुस्तक घेऊन बसे आणि मला म्हणे, "तू पुस्तक धर, मी म्हणते, चुकले की सांग." मी सातवीतून शाळा सोडलेली, आधी नुसती अक्षरे जुळवत बघत असे, मग समजू लागले, मग मीच तिला प्रश्न विचारू लागले. तिने माझी कधी कीव केली नाही. आम्ही दोघी भांडत असू, एकमेकींच्या वेण्या घालत असू, आक्का झोपल्यावर चिंचा खात असू. मी कोणाची तरी विधवा आणि कोणाची तरी होणारी आई आहे, हे सगळ्या जगाला दिसत होते. मी अजून एक मुलगी आहे, हे तिला दिसत होते. तू दोन वर्षांची असताना शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म तिनेच मला आणून दिला. पुढे त्या काळी दहावीवर मिळत असे तसा मला सहायक परिचारिकेच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळाला, आणि माझी वसतिगृहातली दीड वर्षे तू आक्कांच्या मांडीवर काढलीस.

माझ्या डोहाळजेवणाच्या वेळी गल्लीत कुजबुज झाली होती. नवरा गेलेल्या बाईची ओटी कशी भरायची, असा एका वयस्क बाईंचा आक्षेप होता. आक्का स्वतः ऐन तिशीत विधवा झालेल्या. त्या म्हणाल्या, "मग माझी बी भरा तिच्याबरोबर, दोघींचं पाप एकदमच होऊन जाईल." घरच्या वहिनींनी एक शब्दही न बोलता खण, नारळ आणि गहू माझ्या पदरात घातले, आणि मग आक्षेप घेणाऱ्या बाईच सुंठवडा वाटायला उठल्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्र हातात घेऊन मी आक्कांच्या फोटोपुढे तो मोठ्याने वाचला होता.

बाळंतपण सोपे नव्हते. आता मी स्वतः उपकेंद्रात काम करते, तेव्हा मला कळते की गावच्या सिस्टर इतक्या काळजीत का असायच्या. सोळाव्या वर्षी ओटीपोटाची हाडे पुरती वाढलेली नसतात, रक्त कमी असते, रक्तदाब वाढून झटके येण्याची भीती असते, प्रसूती अडू शकते, आणि बाळ कमी वजनाचे निपजते. त्या मला दर भेटीत लोहाच्या गोळ्या त्यांच्यासमोर गिळायला लावत आणि पायांवर बोट दाबून सूज पाहत. कळा सुरू झाल्या त्या रात्री जीप घरच्या दादांनी काढली, आणि रक्त लागेल म्हणून तालमीतली मुले ग्रामीण रुग्णालयाच्या ओट्यावर सकाळपर्यंत बसून राहिली. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला तेव्हा ठाऊक नव्हते. तू दोन किलोचीही नव्हतीस. सिस्टरांनी दाखवल्याप्रमाणे तुला उघड्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळायचे होते. मी थकले की मावशी धरायची, मावशीची परीक्षा आली की आक्का. तू तिघींच्या अंगच्या उबेवर वाढली आहेस.

आता, तुला ज्याचा विचार करावा लागेल तो भाग. माझ्यावर दया करणे लोकांना तुलनेने सोपे होते, कारण माझ्या पोटातल्या बाळाला बापाचे नाव होते आणि मी दुर्दैवी ठरत होते, दोषी नव्हे. तुझ्या वॉर्डातल्या मुलीला ती सवलत नाही. म्हणून मला आक्कांपेक्षाही मोठे वाटतात ते जोतीराव आणि सावित्रीबाई. काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, तिची फसवणूक झाल्यावर, नवजात बाळाच्या हत्येसाठी अंदमानात काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळा राहिला. त्यानंतर १८६३ साली या दोघांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अडलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, अशी जाहिरात भिंतींवर लावली. त्या काळच्या बालविवाहांमुळे विधवांमध्ये कोवळ्या वयाच्या मुली कितीतरी असत. १८८४ पर्यंत अशा पस्तीसहून अधिक स्त्रिया त्या घरी आल्या, असे जोतीरावांनी स्वतः सरकारला लिहून कळवले. त्यांची बाळंतपणे सावित्रीबाई करत. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेक दोघेही रोग्यांच्या सेवेत होते. सावित्रीबाई त्यातच गेल्या. समाजाने जिला दोषी ठरवले आहे तिला घरात घेणे हे काम आपल्याच पुण्यात दीडशे वर्षांपूर्वी झालेले आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांना स्वतःच्या गल्लीत मान मिळत नव्हता.

कायद्याचे तुला माझ्याहून अधिक कळते. रुग्णालयाने २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवले आहे आणि मुलगी बालकल्याण समितीपुढे गेली आहे, हे तू लिहिलेस ते ठीक. प्रकरण चालेल तोवर तिच्या सोबत राहणारी सहायक व्यक्ती तिला नेमून मिळाली आहे का, ते पुन्हा पाहा. ती नेमणूक पुष्कळदा कागदावरच राहते. एक गोष्ट मात्र आई म्हणून बजावते. गर्भपातासाठीची चोवीस आठवड्यांची मुदत उलटलेली असल्याने ती बहुधा बाळंत होईल, आणि मग बाळ ठेवायचे की संस्थेकडे सोपवायचे हा प्रश्न येईल. सोपवले तरी फेरविचाराला कायदा दोन महिने देतो, हे तिला समजेल अशा शब्दांत सांग. पण तू माझी लेक आहेस म्हणून, "माझ्या आईने मला वाढवले" हे उदाहरण तिच्यापुढे ठेवू नकोस. माझ्या पाठीशी अख्खे घर होते. तिने बाळ दुसऱ्याच्या ओटीत घालायचे ठरवले, तर त्यामुळे ती माझ्याहून तसूभरही कमी ठरत नाही, आणि तुझ्या चेहऱ्यावर तिला तसे काही दिसता कामा नये.

आता आमचे म्हणणे. मावशीशी आणि वहिनींशी मी काल रात्री बोलले. समितीला हरकत नसेल आणि मुख्य म्हणजे त्या मुलीला यावेसे वाटत असेल, तर बाळंतपणापर्यंत आणि पुढे तिला हवे तितके दिवस ती आपल्याकडे राहू शकते. समिती एखाद्या घराची पडताळणी करून 'योग्य व्यक्ती' म्हणून मूल तात्पुरते सोपवू शकते, असे माझ्या वाचनात आहे. त्यासाठी अर्ज कसा करायचा आणि कोणते कागद लागतात, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून कळव. रुग्णालय जवळ आहे, मी स्वतः सिस्टर आहे, मावशीच्या मुलीची यंदा दहावी आहे. मागची खोली रिकामी करायला दादांनी सांगून ठेवले आहे.

रविवारी मी आणि मावशी पुण्याला येतो. पण तिला आधी विचार, आणि ती हो म्हणाली तरच आम्हाला वॉर्डात ने. नाही म्हणाली तर आम्ही खाली बसू, तू डबा घेऊन वर जा.

तुझी,
आई