माळेची घाई नको

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

दारू सोडायला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) मीटिंगला जातो, तिथे सगळं पटतं, पण देवाचा विषय निघाला की अंग चोरून बसतो, असं परवा फोनवर म्हणालास. इकडे काकांनी तुझ्यासाठी तुळशीची माळ आणून ठेवली आहे. आषाढीच्या आत घातलीस की सुटलास, असं त्यांचं म्हणणं. मला विचारशील तर घाई करू नकोस.

माळेला मी कमी लेखत नाही. माळ घातल्यावर दारू-मटणाला पुन्हा न शिवलेली माणसं आपल्या गावात आहेत. तुझे आजोबा त्यातलेच. पण त्यांच्यामागे दिंडी होती, एकादशी होती, संध्याकाळी हरिपाठाला हाक मारणारी माणसं होती. नुसत्या मण्यांचं ते काम नव्हे. आणि माळ घालूनही ज्यांचा पाय घसरला, ते अपराध झाला म्हणून देवळाकडे फिरकेनासे झाले, चोरून पीत राहिले. तुमच्या ए.ए.मध्ये स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्यांसमोर सांगतो आणि त्याला कुणी उठवून लावत नाही. मला तर यातच जास्त देव दिसतो. काकांना हे सांगू नकोस.

मी अल-अनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगला जाते, तिथे बाकीच्यांच्या घरातही हाच घोळ असतो. ए.ए. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं. दारू सोडण्यासाठीच्या त्यांच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापून निघाल्या, पण त्याआधी देवाच्या उल्लेखावरून त्यांच्यातच जुंपली होती, कारण देव न मानणारे सभासद तेव्हाही होते. म्हणून ज्याला जसा उमगेल तसा देव, अशी मोकळीक तिसऱ्या पायरीत ठेवली गेली. तेव्हा तू काही जगावेगळा नाहीस. कित्येकजण त्या खोलीतल्या माणसांनाच आपली उच्चशक्ती, म्हणजे स्वतःहून मोठा आधार मानतात आणि त्यावर वर्षानुवर्षं कोरडे राहतात. माझ्या एकट्याच्या जोरावर हे होणार नाही, एवढं कबूल असलं की पुढचं जमतं म्हणे.

मीटिंग संपल्यावर कप विसळायचं काम तू मागून घेतलंस. घरी स्वतःचं ताट न उचलणारा मुलगा! नळाखाली कप धरला की डोक्यातली कटकट थांबते, म्हणालास. मग सध्या तेवढंच धरून ठेव. माझा विठोबा उसना घेऊ नकोस. माझं त्याच्याशी भांडण चालू असतं, ते तुला झेपायचं नाही.

एक मात्र ऐक. मावशी म्हणेल, नामस्मरण सुरू कर, आता गोळ्या कशाला? तिचं मनावर घेऊ नकोस. डॉक्टर सांगतील तोवर एकही गोळी चुकवायची नाही.

शनिवारी ओपन मीटिंग आहे ना, बाहेरच्यांनाही येता येतं ती? मी येते, काकांनाही आणते. तिथे भजन असतं अशी त्यांची समजूत आहे, ते टाळ घेऊन निघाले तर मी अडवणार नाही.

तुझी,
आई