आक्का, तुमचे दोन पिवळे बल्ब

आक्का, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "राहू दे गं" म्हणत चहाचं आधण ठेवता आणि माझं बोलणं घशातच राहतं. म्हणून लिहिते. आणि उघडंच लिहिते, कारण आपल्या बायकांच्या संघातल्या तिघींकडं आता कोंबडीची पिल्लं यायची आहेत. त्यांनीही वाचावं.

आषाढ होता. आपल्या बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू! आठ दिवस झड लागलेली, भिंती ओल्या, अंथरुणसुद्धा दमट. अशात मी गिरिराजा कोंबडीची ५० पिल्लं आणली, एका दिवसाची. बेंगळुरूला हेब्बाळच्या व्हेटरनरी कॉलेजात तयार झालेली जात, परसात वाढते, काटक असते, एवढं ऐकलेलं. पण काटक असते ती मोठी कोंबडी, हे मला कुठं ठाऊक? मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर लाकडी खोकं ठेवलं, आत वर्तमानपत्र घातलं आणि वर ९ वॅटचा एलईडी सोडला. लख्ख उजेड पडला. पिल्लं रात्रभर ओरडत होती. पहाटे गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं, झोपली म्हणून. सकाळी बघते तर सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली आणि तळाची ७ चेंगरून गेलेली.

माझं रडणं ऐकून तुम्ही कुंपणावरूनच आलात. खोक्यात वाकून "मरी, मरी" म्हणायला लागलात तशी माझ्या पोटात गोळाच आला. मी चंदगडकडची, कानडी नुकतं कुठं कानावर पडायला लागलेलं. आमच्यात मरी म्हणजे रोगाची साथ. तुम्ही मात्र एक पिल्लू उचललंत, त्याचे पाय माझ्या गालाला लावलेत आणि म्हणालात, "बघ, बर्फ." तेव्हा कळलं की कानडीत मरी म्हणजे पिल्लू. त्या दोन काड्यांएवढ्या पायांचा गारवा अजून गालाला आठवतो.

मग तुम्ही घरी जाऊन १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब घेऊन आलात. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. खोकं बाजूला केलंत. फरशीवर दुहेरी गोणपाट, त्यावर भाताचं तूस चांगलं तीन इंच, आणि भोवती तट्ट्याचा गोल. कोपराच नसला तर पिल्लं कशात दाटणार? पेपर काढायला लावलात, कारण गुळगुळीत कागदावर पाय फाकतात ते कायमचे. बल्ब दीड-दोन वीत उंचीवर टांगलेत. प्रत्येकाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवलीत, एकेकाची, ४३ वेळा. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यामुळं दाण्यावाचून ती दोन दिवस तगतात. गारठा मात्र एक रात्रही सोसत नाहीत, असं सांगत होतात.

खोलीत पारा २१ वर होता. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिला आठवडा ३५ च्या आसपास हवा, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवायचा, म्हणजे बल्ब थोडाथोडा वर घ्यायचा. पण तुम्ही थर्मामीटरकडं फारसं बघितलंच नाहीत. बल्बखाली गोळा झाली की गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून धापतात तेव्हा उकडतंय, सगळी एकाच बाजूला सरकली तर कुठून तरी वारा घुसतोय. आणि बारीक, मऊ चिवचिव करत गोलभर पसरली की आपण जेवायला बसायचं. हे सगळं त्याच सकाळी तुम्ही मला डोळ्यांनी दाखवलंत.

त्या रात्री लाइट गेली. मी शेगडी आत आणायला निघाले तर तुम्ही हात धरलात: बंद खोलीत कोळशाचा वायू आधी पिल्लांना मारेल, मग आपल्याला. चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरलंत, गोणपाटात गुंडाळून तुसात पुरलंत, वरून घोंगडी टाकलीत आणि हवेला वीतभर फट ठेवलीत. लाइट येईपर्यंत तीन वेळा पाणी बदललं. तुमचे गुडघे दुखतात, तरी भिंतीला टेकून बसून राहिलात. "तू नीज," एवढंच म्हणत होतात.

गारठलेल्यांपैकी आणखी ४ पुढच्या दोन दिवसांत गेली. ती जाणार हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, म्हणून मी सावरले. ३९ राहिली. आता रात्री खुराड्यातल्या दांडीवर ओळीनं बसतात. तांबडा कोंबडा तुमच्या कुंपणावर चढून आरवतो तो आमचाच.

बल्ब परत द्यायला दोनदा आले, दोन्हीदा तुम्ही माघारी पाठवलंत. आता ते संघातल्या बायकांकडं देऊ का, एवढं नातवाकडून कळवा. आणि रविवारी जेवायला या. भाकरी मी करते, चटणी तुमच्या हातची आणा.

तुमची,
शेजारीण