सहकार मंत्री साहेब, सॉफ्टवेअरची मूळ फाईल संस्थेच्या नावावर ठेवायला लावा

मा. सहकार मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा, करवीर-पन्हाळा-भुदरगड भागातल्या दूध संस्थांची कॉम्प्युटरची कामं बघतो. आमच्याकडं दुधाचं बिल दर दहा दिवसाला निघतं आणि त्यावरच घरचा बाजार, पेंड, पोरांची फी सगळं चालतं, बिल एक दिवस जरी लांबलं तरी सचिवाच्या दारात माणसं येऊन थांबतात.

आता अडचण बघा. बऱ्याच संस्थांत एमएस ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये, बनवून घेतलेलं सॉफ्टवेअर अजून चालू आहे आणि संस्थेला मिळालेली असते ती फक्त एसीसीडीई फाईल, म्हणजे कम्पाईल केलेली (फक्त चालवता येईल अशी बंद केलेली), आतला वाचता-बदलता येणारा कोड काढून टाकलेला, फॉर्म-रिपोर्टला हात लावता येत नाही. जुना पीसी बंद पडतो, नवा येतो, ऑफिस 2019 पासनं आपण काही बदललं नाही तर 64 बिटच इन्स्टॉल होतं (32 आणि 64 बिट हे ऑफिसचे दोन वेगळे प्रकार), आणि फाईल 32 बिटवर कम्पाईल केलेली असली की संपलं. डबल क्लिक केलं की मेसेज येतो, ही फाईल 32 बिट ॲक्सेसमध्ये बनवलीय, त्यातच उघडा. शेजारी सचिव फॅट-एसएनएफचं, म्हणजे दुधाच्या प्रतीचं, रजिस्टर घेऊन बसलेला, त्याला वाटतं सगळा डेटा गेला. डेटा जात नाही साहेब, टेबलं बाहेर काढता येतात, पण दरपत्रकाप्रमाणं बिल काढणं, ॲडव्हान्स आणि पशुखाद्याची कपात हे सगळं त्या बंद कोडमध्ये असतं.

64 बिट ऑफिस काढून 32 बिट टाकलं की आजचं बिल निघतं, आम्ही तेच करतो. पण दरपत्रकाची पद्धत बदलली की परत गाडी अडली. 64 बिटची नवी फाईल करायला मूळ एसीसीडीबी, म्हणजे कोड उघडा असलेली फाईल, लागते, कोडमधल्या डिक्लेअरच्या (विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या) ओळींना पीटीआरसेफ हा 64 बिटसाठीचा शब्द लावून 64 बिट ॲक्सेसमध्येच परत कम्पाईल करायची, मूळ फाईल असली तर हे बहुतेक वेळा फार मोठं काम नाही. नसली तर अख्खं सॉफ्टवेअर नव्यानं लिहा. ॲक्सेस 97 च्या फाईली तर ॲक्सेस 2013 आणि पुढच्या व्हर्जनमध्ये उघडतच नाहीत. त्यात विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळं गावोगाव पीसी बदलायला लागणार आणि हे दुखणं आता जास्तच वाढणार.

केंद्रानं 2022 ला 63,000 विकास सोसायट्यांच्या (गावातल्या शेतीकर्ज देणाऱ्या संस्थांच्या) संगणकीकरणाला 2,516 कोटींची मंजुरी दिली, सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर, फार चांगलं झालं. पण आमच्या दूध संस्था त्यात येत नाहीत.

कोड लपवणं हा बनवणाऱ्याचा हक्क आहे, त्याचं पोट आहे त्यावर, ते मला मान्य आहे. म्हणून मागणी एवढीच की सॉफ्टवेअर घेताना मूळ फाईल, तिचा पासवर्ड आणि ती कुठल्या व्हर्जनची, किती बिटची याचा कागद पाकिटात सील करून सहाय्यक निबंधक कार्यालयात ठेवायचा, बनवणारा काम सोडून गेला किंवा दाद देईना तरच ते पाकीट संस्थेनं फोडायचं. आणि ऑडिटरनं दरवर्षी पाकीट जमा आहे का, अपडेट झालेली फाईल त्यात आहे का, हे तपासावं. याला नवा निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं. ते पुढच्या ऑडिटच्या आत काढा, एवढी कळकळीची विनंती.

आपला,
दूध संस्थांची कॉम्प्युटर कामं करणारा एक कोल्हापूरकर